लुगड्याची दोन टोकं

फिनेलचा वास आला की उत्तरेतल्या निशातगंज मोहल्ल्यातली आमची ती संध्याकाळ आठवते. आमच्या कुत्र्याच्या पाठीचा कणा झिजत चालला होता, मागचे पाय गेले होते, आणि हे बरं व्हायचं नाही असं डॉक्टरनं सांगूनच टाकलं होतं. म्हणून बायकोचं जुनं लुगडं त्याच्या पोटाखालून घालायचं, एक टोक तिनं धरायचं, दुसरं मी, आणि गल्लीतल्या कडुनिंबापर्यंत त्याला न्यायचं. त्या दिवशी तो दारातच मुतला, मी वैतागून लुगडं हिसडलं. ती म्हणाली, "अहो, हळू. कुत्रा आहे, गॅसचा सिलिंडर नाही." मी म्हणालो, "सिलिंडर परवडला. तो मुतत तरी नाही." ती हसली आणि फिनेल घेऊन फरशी पुसायला बसली. त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी तिला खोलीत खाली ठेवलेलं, घर माणसांनी भरलेलं, आणि कुत्रा दाराशी केकाटत होता. मी लुगडं उचललं तसे शेजारी म्हणाले, "भाईसाहब, आज तो इसे रहने दीजिए." मी म्हणालो, "क्यों, आज इसकी पीठ ठीक हो गई क्या?" दोन्ही टोकं एकट्यानंच धरून त्याला बाहेर काढलं. तो पुढं सरकेना, ती चालायची त्या बाजूला मान वळवून बघत राहिला. "चल लेका, आता मीच आहे," असं खेकसून मी त्याला कडुनिंबापर्यंत नेलं.