कडूबाईचं भादरलेलं डोकं

“मॅडम, ही सुधारणार का नाय, एवढंच सांगा. घरी दुसरी कर म्हणतेत.”

कडूबाईचा नवरा रंगनाथ हे तिच्यासमोरच बोलत होता. वाळूजच्या कंपनीत पर्मनंट झाल्यापासून त्याच्या आवाजाला इस्त्री आली होती. कडूबाई पदर कपाळाखाली ओढून बसली होती.

मी त्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. कडूबाईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. याला ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटला. आमच्या सर्जनसाहेबांनी कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी बारीक क्लिप बसवली. ऑपरेशन उत्तम झालं. उजवा हात-पाय तेवढा अशक्त राहिला, पण तो व्यायामानं सुधारण्यासारखा होता. तरी महिना उलटला आणि बाई अजून भिंत धरूनच चालत होती.

“बायकांचं असंच असतं,” साहेब म्हणाले. “हार्मोन्स. शिवाय चाळिशी उलटलेली.”

“सर, पुंडलिकनगरचे गुरुजी सत्तरीचे आहेत. त्यांचंही हेच ऑपरेशन तुम्ही त्याच आठवड्यात केलंत. ते भाजी आणायला जातात.”

“पुरुष आहेत ते.”

संपलं शास्त्र! वय वाढलं की मेंदू सावकाश सावरतो, हे खरं. असा फुगा बायकांमध्ये जास्त आढळतो, हेही खरं. पण बाईचा म्हणून पाय उचलत नाही, हे साहेब कुठं शिकले कोण जाणे.

शेवटी मी पडेगावला तिच्या घरी गेले. बाई मागच्या अंधाऱ्या खोलीत बसलेली. ऑपरेशनसाठी डोकं भादरलं होतं ना! गुरुजींनी टोपी चढवली आणि गल्लीभर हिंडले. हिला अंगणातही यायची बंदी.

“तिला रोज बाहेर चालवा,” मी म्हणाले.

“नवरा जित्ता असताना बाईचं बोडकं डोस्कं?” रंगनाथ म्हणाला. “लोकं काय म्हणतील? केस येऊ द्या आधी.”

दुसरी बायको आणली तर मात्र लोक काही म्हणणार नव्हते. मला त्याचंच डोकं भादरावंसं वाटलं.

पुढं नामांतराच्या वादावरून शहर बंद झालं. गाड्या थांबल्या. रंगनाथ बजाजनगरात मित्राच्या खोलीवर अडकला. इकडं घरच्या शेळ्यांना माळावर नेणारं कुणी उरलं नाही, त्या उपाशी ओरडायला लागल्या. सासू गुडघ्यांनी अधू, तिला माळापर्यंत जाववेना. मग सासूची लाज एकदम कमी झाली. आपल्या वारलेल्या नवऱ्याचा जुना पटका तिनंच सुनेच्या डोक्याला गुंडाळला आणि हातात काठी दिली. कडूबाई शेळ्यांमागं निघाली. पहिल्या दिवशी बांधापर्यंत, मग माळापर्यंत. बंद मिटला तरी ती घरात बसली नाही.

पुढच्या ओपीडीला ती पटका बांधून, काठीशिवाय चालत आली. मागं पिशवी धरून रंगनाथ.

साहेबांनी सवयीनं त्यालाच विचारलं, “काय रे, कशी आहे आता?”

“मला इचारा की,” कडूबाई म्हणाली. “डोस्कं माझं फोडलं व्हतं, त्यांचं नाय.” मग नवऱ्याकडं वळली. “आन् दुसरी आणायची तर खुशाल आणा. शेळ्या माझ्या माहेरच्या हायेत. त्या घेऊन मी चालले.”

रंगनाथ पिशवीत बघत राहिला. दुसरी काही आली नाही.

साहेब मात्र शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, “बघा, वय कमी असलं की रिकव्हरी छान होते.” चाळिशी उलटलेलं वय महिन्याभरात कमी झालं होतं.

अजूनही कुणी मला विचारतं, बायका बऱ्या व्हायला वेळ का लागतो? मी आधी विचारते, तिला घराबाहेर सोडतंय कोण?