गेट नंबर तीन

सगळी गल्ली त्याला मेट्रोमामा म्हणायची. पोटापाण्यासाठी तो एका टेलरच्या दुकानात कटिंग मास्तर होता, दिवसभर शर्ट-पँटी बेतायचा. पण जीव म्हणाल तर सगळा मेट्रोत. शहरात पहिली लाईन सुरू झाली त्या दिवशी हा उजाडायच्या आत जाऊन रांगेत उभा. पहिल्या गाडीच्या पहिल्या डब्यात शिरला आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या काचेला नाक लावून थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत गेला. तेव्हापासून ती काच याची. गाडी सुटताना मोटरचा सूर कसा चढतो त्यावरून नवी गाडी की जुनी, हे तो डोळे मिटून सांगायचा. कुठल्या वळणावर चाकं किंचाळतात, कुठल्या स्टेशनात ब्रेक उशिरा लागतो, सगळं तोंडपाठ. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायचा, "बघू, दुसरी लाईन तरी होऊ दे." दुसरी झाली, तिसरी झाली, हा आपला तसाच.

घर वडिलांचं, गल्लीच्या तोंडाशी. खालच्या दोन खोल्यांत त्याची थोरली बहीण, ताई; वरच्या खोलीत हा. ताईचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा आणि ताई सतराची. तिनंच याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, तापात उशाशी बसली. याची पन्नाशी उलटली तरी ताटावर बसला की ती विचारणारच, "हात धुतलेस का रे?"

संध्याकाळी दुकानातून आणलेला ब्राऊन पेपर पसरायचा आणि टेलरच्या खडूनं नव्या लाईनी आखत बसायचं, हा याचा छंद. काखेची गोलाई काढायची पट्टी, तिनं हा पठ्ठ्या बोगदे वळवायचा! ताई म्हणायची, "एक दिवस कुणाचा तरी शर्ट गाडीखाली जाणार आहे बघ."

आणि मग चौथी लाईन जाहीर झाली. जमिनीखालून जाणारी, आणि स्टेशन आमच्या मामाच्या गल्लीशी! मामाला आभाळ ठेंगणं झालं. गल्ली मात्र धास्तावली. घरं जाणार की राहणार? नकाशे वॉर्ड ऑफिसात ठेवलेत, हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्या, अशी नोटीस लागली. आता हे नकाशे वाचणार कोण? मामाशिवाय होतंच कोण!

मामानं नकाशांच्या प्रती आणल्या. ताईच्या खालच्या खोलीत पलंगावर पसरल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, दारात माणसं, खिडकीत माणसं. मामानं गळ्यातली टेप काढली आणि मोजायला लागला. "हा बोगदा. वीस मीटर खोल. हे रूळ, हा प्लॅटफॉर्म. अहो, काय सुरेख वळण घेतलंय बघा!" वळणाचं कौतुक ऐकायला आलं होतं कोण? पण तो रंगात आला होता. ताईनं सगळ्यांना चहा दिला आणि पलंगाच्या कडेला टेकून उरलेले कागद चाळत बसली.

"रस्त्याखालून जातेय सगळी," मामानं जाहीर केलं. "आपल्या भिंतीपासून अकरा मीटर लांब. कुणाच्या घराला धक्कासुद्धा लागत नाही."

"नक्की ना रे?" ताईनं विचारलं.

"नक्की म्हणजे नक्की."

"नीट बघितलंस ना सगळं? नक्की ना?"

"ताई, मी बघतोय ना!"

गल्ली हुश्श करून घरी गेली. समोरच्या घरातला प्लंबर तेवढा म्हणाला, "मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी आपली हरकत देऊन ठेवतो." लोक हसले त्याला. मामा तर सगळ्यात मोठ्यानं हसला.

नकाशाची पानं होती पाच. मामानं चार पाहिली. पाचव्यावर रूळ नव्हते हो! जिने, गटारं, हवा खेळती ठेवायचे झरोके, असलं काहीबाही होतं. रूळ नाहीत तिथं मामाला रस नाही. ते पान त्यानं उलटलंच नाही.

तीस दिवस गेले. प्लंबरच्या हरकतीवर सुनावणी झाली आणि त्याच्या बाजूचा जिना दहा पावलं पुढं सरकला, घर वाचलं. आणि ताईच्या दारावर कागद चिकटला: गेट नंबर तीनसाठी ही जागा लागणार.

मामा धावत वर गेला, पाचवं पान काढलं. लाल रेघांचा चौकोन, नेमका त्यांच्या घरावर. स्टेशन जमिनीखाली आहे तर माणसं वर येणार कुठून, एवढा साधा प्रश्न त्याला पडला नव्हता. जन्मभर कपडे बेतले, आणि हात बाहेर काढायला बाही ठेवायची विसरला.

सांगून टाकायचं ठरवून तो खाली आला. खाली गल्ली जमलेली. "तुमच्या भावानं तर छातीठोक सांगितलं होतं," कुणीतरी खवचटपणे म्हणत होतं.

ताई कडाडली, "माझ्या भावानं डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं! कागद मागाहून बदलले मेल्यांनी. त्याला बोल लावायचा नाही, सांगून ठेवते."

झालं. मामा जिन्यातच थिजला. नको तेव्हा तासन्‌तास बोलायचा, आणि बोलायचं तेव्हा वाचा बसली गाढवाची.

घर पडलं. ताईला लाईनच्या पार शेवटच्या टोकाला नवव्या मजल्यावर एक खोली मिळाली. दुकान तिथून दोन तासांवर, म्हणून मामा दुकानाच्या पोटमाळ्यावर राहायला लागला. दर रविवारी बसनं ताईकडे जायचा. दर रविवारी ठरवायचा, आज सांगायचं. ताई वाढायची, हा जेवायचा, परत यायचा. असे पाच वर्षांचे रविवार गेले. खडू आणि पट्टी त्यानं दुकानाबाहेरच्या कामासाठी परत उचलली नाही.

चौथी लाईन सुरू झाली त्या सकाळी शहरातले सगळे मेट्रोवेडे रांगेत होते. मामा कोट बेतत होता. दुपारी ताईचा फोन. "पहिल्या गाडीत होतास ना? कशी आहे रे?"

"छान आहे," मामा म्हणाला.

"मग मला ने की एकदा. घर बघून येऊ."

घर, म्हणाली.

रविवारी तो तिला घेऊन निघाला. गुडघ्यांनी ती टेकीला आलेली, तरी म्हणाली, "तुझ्या काचेपाशी ने." काचेपाशी उभी राहून लहान मुलीसारखी बघत होती. बोगद्यातले दिवे, समोरून येणारी गाडी. "हेच का तुझं ते सुरेख वळण?" तिनं विचारलं. मामानं मान हलवली. त्यानं बाहेर बघितलं नव्हतं.

गेट नंबर तीन. सरकता जिना होता, पण तिला साधाच हवा होता. एकेक पायरी चढत वरपर्यंत आली आणि शेवटून चौथ्या पायरीवर थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कठड्यावर हात ठेवला.

"इथं आपला ओटा होता," ती म्हणाली.

मामाचा बांध फुटला. "ताई, कागद कुणी बदलले नव्हते गं. पाचवं पान मी बघितलंच नाही. तीस दिवस होते हातात. प्लंबरचं घर वाचलं, आपलंही वाचलं असतं. मी घालवलं घर."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"ते पान मी बघितलं होतं. तू मोजत होतास तेव्हा. आपल्या घरावर लाल चौकोन होता. म्हणून तर दोनदा विचारलं ना तुला, नक्की ना म्हणून."

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"तू म्हणालास, मी बघतोय ना. तुझ्यापुढं मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, मलाच नीट दिसलं नसेल."

तो तिथंच मटकन खाली बसला आणि भर गर्दीत हुंदके देऊन रडला. माणसं वळसा घालून जात राहिली. ताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते.

"ऊठ रे," ती म्हणाली, "लोकांना वर जायचंय."