दारू सुटल्याबद्दल देवाला दारू

माझ्या थोरल्या भावाला दोन दुखणी आहेत, आणि आपल्याकडे एका माणसाला एकच दुखणं असावं असा नियम आहे. दादाच्या कानात माणसं बोलायची. वरच्या मजल्यावरचे लोक आपल्या टाकीत विष कालवतात अशी त्याची खात्री होती, आणि ती बडबड बंद पाडायला तो प्यायचा. नातेवाइकांना यातली दारू तेवढी दिसली. "संगत वाईट लागली," म्हणून सगळे मोकळे झाले. अहो, कसली संगत? त्याला चहाला बोलावणारा एक माणूस नव्हता.

आमच्या शहरातल्या नानाखेड्याच्या स्टँडवरून आम्ही दोघं इंदूरची बस पकडायचो. तिथले डोक्याचे डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडवा, मग आणा. दारू सोडवणारे म्हणायचे, आधी यांचं डोकं ठिकाणावर आणा, मग बघू. दोघांचंही बरोबर, चुकीचा फक्त माझा भाऊ. मी शाळेत गणित शिकवते, पण हे गणित काही मला सुटलं नाही.

मग एका संस्थेची दोन माणसं घरी यायला लागली. एक नर्स आणि एक समाजसेवक, दोघं एकाच स्कूटरवर, दर गुरुवारी. महिन्यातून एकदा सुई, बाकीच्या गुरुवारी नुसत्या गप्पा. दारूबद्दलही तेच बोलणार आणि आवाजांबद्दलही तेच. त्यांचं म्हणणं असं की माणसाला कोंडून ठेवायचं नाही, घरी ठेवून, समाजात राहूनच बरं करायचं. मला हसूच फुटलं. समाज! आमचा समाज म्हणजे गणपतीच्या आरतीला खच्चून गर्दी, आणि दादा ओरडायला लागला की पटापट लागणाऱ्या कड्या.

पण खोटं कशाला बोलू, फरक पडला. आवाज बारीक झाले, बाटली सुटली. समाजसेवकानं भैरवगढला एका छपाईवाल्याकडे त्याला काम मिळवून दिलं. छापलेली कापडं धुवायची आणि वाळत टाकायची, दिवसाचे चार तास. दादा निळे झालेले हात घेऊन घरी यायचा आणि ते मुद्दाम धुवायचा नाही. मी मात्र रोज दार उघडताना त्याचं तोंड हुंगायची. तो गुपचूप उभा राहून हुंगू द्यायचा. असं एक वर्ष गेलं.

आता आमची आत्या. पंचाहत्तरीची, कडक, आणि देवाशी थेट बोलणं असलेली. तिनं कुणाला न विचारता काळभैरवाला नवस बोलून ठेवला होता: भाच्याची दारू वर्षभर सुटली, तर बाबा, तुला एक बाटली. बाहेरगावच्या लोकांना हे ऐकून चक्कर येते, पण आमच्या भैरवाचा नैवेद्यच तो. पुजारी बशीतून देवाच्या तोंडाला लावतो आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत देतो. सरकारनं तीर्थक्षेत्र म्हणून शहरातली दारूची दुकानं बंद केली ती नंतर, त्यामुळे नवस फेडायला काही अडचण आली नाही. दारू सुटल्याबद्दल देवाला दारू! आणि यात काही गडबड आहे असं आमच्या अख्ख्या खानदानात एकालाही वाटलं नाही.

रविवारी दुपारी नवस फेडून आत्या देवळातून थेट आमच्याकडे आली, तिच्यामागे दोन काका-काकू. कित्येक वर्षांनी माझ्या घरी पाव्हणे आले होते. "तू सांभाळलंस हो त्याला, मानलं पाहिजे," धाकटी काकू म्हणाली. मी पोहे परतता परतता फुगून गेले. खरं सांगते, फार बरं वाटलं.

आत्यानं पिशवीतून अर्धी बाटली काढली, पळीत ओतली आणि दादापुढे धरली.

"आत्या, त्याला नको," मी म्हणाले. म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"अगं, दारू आहे का ही? प्रसाद आहे. याच्या नावानं बोललेला नवस, यानंच घ्यायला नको?"

"प्रसादाला नाही म्हणू नये, बेटा," थोरले काका दादाला म्हणाले.

दादानं हात पुढे केला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घेऊ का गं?"

एवढंच. वर्षभर मी ज्याचं तोंड हुंगलं, त्यानं स्वतःहून मला विचारलं. 'नको' म्हटलं असतं तर आत्या रुसली असती, पोहे तसेच राहिले असते, आणि 'हिला देवाचंही काही नाही' असं चार घरांत झालं असतं. मला तो दिवस नासवायचा नव्हता. वर्गात चाळीस पोरांवर खेकसणारी मी, बारीक आवाजात म्हणाले, "घे, थेंबभर घे."

त्यानं घेतला. प्रसाद टाकून द्यायचा नसतो, म्हणून उरलेली बाटली आत्यानं देवघरात ठेवली. तीही मी हलवली नाही. संध्याकाळी भाजी घेऊन आले, तर बाटली रिकामी होती आणि दादा घरात नव्हता.

बुधवारपर्यंत तो वरच्यांच्या दारावर लाथा मारत होता. छपाईवाल्यानं निरोप पाठवला, ठीक हो जाएँ तब देखेंगे. भला माणूस, पण ते 'तब' अजून उजाडलेलं नाही. आत्या फोनवर म्हणाली, "देवाचा प्रसाद कुणाला बाधत नाही बाई, याच्याच मनात पाप असेल." धन्य!

गुरुवारी स्कूटर आली. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. समाजसेवक त्याच्या पायाशी बसला. नर्सनं वही उघडली आणि मला विचारलं, "दीदी, शुरू कैसे हुई? घर में आई कहाँ से?" आवाजात राग नव्हता. रागावली असती तर कदाचित मी खरं बोलले असते.

"क्या पता, सिस्टर," मी म्हणाले, "कहीं से ले आए होंगे."

मला वाटलं, त्याला काही ऐकू जात नसेल, त्याच्या कानात दुसरीच माणसं असतील. पण दादा वळला. माझ्याकडे एकदा बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाँ सिस्टर," तो म्हणाला, "मैं ही लाया था. इसको कुछ मालूम नहीं."

नर्सनं तसंच लिहून घेतलं, आणि मी तिला लिहू दिलं.