अप्पांचं अपडेट

आमच्या अप्पांना चालू असलेली वस्तू बघवत नसे. बंद पडलेल्या वस्तूला ते हात लावायचे नाहीत. "पडू दे, काय खायला मागायलीय का?" म्हणायचे. पण एखादी वस्तू सुरळीत चालायला लागली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. हिला अजून चांगलं चालायला काय झालंय, असं त्यांच्या मनात यायचं, आणि मग त्या वस्तूचे आणि आमचे हाल सुरू व्हायचे.

अप्पा म्हणजे माझे सासरे. रेणापूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. दुकानात बसले की इतका शहाणा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. घरी मात्र टीव्हीखालचा एक काळा डबा होता. तो साधा सेट टॉप बॉक्स नव्हे बरं का, हैदराबादहून मागवलेला सॅटेलाइट रिसीव्हर. गच्चीवरच्या दोन छत्र्यांवरून चॅनेल पकडायचा, कार्यक्रम रेकॉर्ड करून पोटात ठेवायचा आणि वायर जोडली की ते रेकॉर्डिंग लॅपटॉपला द्यायचा. एक छत्री मराठी-हिंदीची, दुसरी खास कानडी चॅनेलांची. कारण अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, भालकीकडच्या. "हिला भांडायला मराठी पुरत न्हाई, म्हणून ती छत्री," असं अप्पा पाहुण्यांना सांगायचे. अक्का आसपास असल्या तर जरा मोठ्यानं सांगायचे.

या डब्याला अधूनमधून नवं सॉफ्टवेअर यायचं. अप्पांच्या मोबाइलवर छत्रीवाल्यांचा एक ग्रुप होता, तिथं बातमी आली की झालं. सोमवारी पूजा आटोपली की डब्याला विभूतीची बोटं ओढायची, दुकानातल्या कोऱ्या मांजरपाटानं तो पुसायचा आणि अपडेट टाकायचं. "जुना माल ठेवला की गिऱ्हाईक तुटतं," हे त्यांचं म्हणणं. घरात गिऱ्हाईक कोण, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. अपडेट झालं की चॅनेलांचे नंबर इकडचे तिकडे व्हायचे, बातम्यांच्या जागी कार्टून लागायचं आणि लॅपटॉपला फाइल जाणं हमखास बंद व्हायचं.

दुसरी खोड अशी की डब्यानं पडद्यावर काहीही विचारलं की अप्पा 'हो'चं बटण दाबायचे. काय विचारलंय हे वाचायचे नाहीत. मी एकदा रागावले तर म्हणाले, "अगं, एवढं अदबीनं विचारायलंय. न्हाई म्हणायला बरं वाटतंय का?"

माझं माहेर नांदेडचं, शिक्षण विष्णुपुरीच्या कॉलेजात. हे लोक मला बघायला आले तेव्हा अप्पांनी स्वयंपाकाचं विचारलं नाही, गाण्याचं विचारलं नाही. बशीतला चहा संपवून म्हणाले, "अपडेटनंतर डब्यातली फाइल लॅपटॉपमधी जाईना. काय झालं असंल?" मी म्हटलं, मी सिव्हिलची आहे, मला काँक्रीटमधलं कळतं. अप्पा माझ्या वडिलांकडं वळून म्हणाले, "धरणं बांधणारी पोरगी, तिला डबा काय अवघड?" लग्न ठरलं. तेव्हापासून मी त्यांची 'इंजिनेर' झाले. वायर काढून घालायची, डबा बंद करून चालू करायचा, लॅपटॉपमध्ये डब्याचा पत्ता नव्यानं टाकायचा, एवढं सगळं मी रेणापुरात येऊन शिकले. काँक्रीट तिकडंच राहिलं.

अप्पा-अक्कांचं आपसात भांडण जोरात चालायचं, पण दोघांनी एकमेकांचं नाव कधी घेतलं नाही. हाक मारायची तर "ऐकलं का?" एवढीच, आणि घरात दहा माणसं असली तरी ज्याला ऐकायचं त्याला बरोबर ऐकू जायचं. अप्पांच्या मोबाइलमध्ये अक्कांचा नंबर 'घर' या नावानं होता. दवाखान्यात नर्सनं मालकांचं नाव विचारलं की अक्का मला कोपरानं ढोसायच्या आणि मी सांगायचे, वीरभद्रप्पा. सणासुदीला बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला की अक्का त्याच वेळी दूध उतू जातंय म्हणून आत पळायच्या.

अशात अक्कांचं भजनी मंडळ टीव्हीवर झळकलं. लातूरला जाऊन सगळ्याजणी गाऊन आल्या आणि एका दुपारी तो कार्यक्रम लागला. मधलं एक कडवं अक्कांनी एकटीनं म्हटलं होतं. अप्पांनी ते रेकॉर्ड केलं. ते पुन्हा लागणार नव्हतं, त्यामुळं आमच्या डब्यात होतं तेवढंच. मंडळातल्या सगळ्यांना ते मोबाइलवर हवं होतं. अक्कांनी गुरुवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं, शिरा केला, आणि मला आठवडाभर आधी बजावून ठेवलं.

त्याच आठवड्यात मंगळवारी अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सोमवारी आम्ही बॅग भरत होतो आणि अप्पा डब्यापुढं बसले होते. "आता डोळे झाकून पडायचंय, तवर डबा मागं पडायला नगं," म्हणाले आणि अपडेट टाकून मोकळे झाले.

गुरुवारी बायका मोबाइल घेऊन हजर. अप्पा एका डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा लावून बाजेवर पडलेले. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना आधीपासून धूसरच दिसायचं. मी टीव्ही लावला. यादीत भजनाचं नाव होतं, पण उघडलं की पडदा काळा. वर डबा विचारत होता, ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?

"काय म्हणायलंय?" अप्पा बाजेवरून म्हणाले. "हो म्हण की."

त्या 'हो'नं सगळं पुसलं जाईल असं मी सांगितलं, तशी अक्कांनी माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि कमरेला खोचला. मग त्या कानडीत गेल्या. ते काय होतं ते मला कळलं नाही, पण अप्पांनी तोंडावर पांघरूण घेतलं.

एक वाट राहिली होती, फाइल वायरनं लॅपटॉपमध्ये ओढून घ्यायची. वायर जोडली. लॅपटॉपनं पासवर्ड मागितला. आजवर कधी मागितला नव्हता.

"नव्या अपडेटमधी आलंय ते," पांघरुणातून आवाज आला. आवाजात अभिमान होता. "पासवर्डाशिवाय आता फाइल जात न्हाई. मीच ठिवलाय."

"काय ठेवलाय?"

अप्पांनी पांघरूण आणखी वर ओढलं. मग म्हणाले, "आठवंना बघ."

पासवर्ड बदलायचा तर डबा आधी जुना मागत होता. मी गावाचं नाव टाकलं, दुकानाचं टाकलं, महेशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं टाकलं, होते नव्हते तेवढे देव टाकले. एकही चालला नाही. मंडळातल्या शकूमावशी तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "अप्पा, दुकानातली उधारी बरी आठवती तुम्हाला." बायका हसल्या. अक्का हसल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. जन्मात एकदा गायले, तेबी ह्यांच्या डब्यानं खाल्लं."

त्यानंतर त्या काहीच बोलल्या नाहीत. मराठीत नाही, कानडीत नाही. अक्कांचं भांडण अप्पांना सोसायचं, हे मात्र सोसेना. पांघरूण बाजूला झालं.

"इंजिनेर, इकडं ये." मी जवळ गेले. अप्पा भिंतीकडं तोंड करून पुटपुटले, "तुझ्या सासूचं नाव टाक."

सगळ्याजणींचे कान तिकडंच होते, ते सगळ्यांनी ऐकलं. मी अक्कांचं नाव टाकलं, सुलोचना. चाललं नाही.

"ते न्हाई," अप्पा म्हणाले. "ते लग्नात आमच्या घरच्यांनी ठिवलेलं. त्याच्या आधीचं."

आता आली का पंचाईत. अक्कांचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं. महेशलाही ठाऊक नव्हतं. त्या नावानं हाक मारणारं भालकीत कुणी उरलं नव्हतं. शकूमावशींना तर सणच आला. "घ्या अप्पा, उखाण्यात घ्या," म्हणाल्या आणि सगळ्याजणी टाळ्या पिटायला लागल्या. अप्पांनी काळा चष्मा नीट केला. भरबाजारात गिऱ्हाइकाला गप्प करणारा माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"नीलम्मा," ते म्हणाले.

टाळ्या थांबल्या. अक्का भिंतीला टेकलेल्याच होत्या. पदराशी चाळा करत, खाली बघत त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोला की. पोरीला ऐकू आलं नसंल."

मला चांगलं ऐकू आलं होतं. पण मी टाइप करायचं थांबले.

"नीलम्मा," अप्पा पुन्हा म्हणाले. या वेळी मोठ्यानं, आणि भिंतीकडं न बघता.

फाइल सुटली. लॅपटॉपवर अक्कांचं कडवं घरभर वाजलं आणि अप्पा पट्टीखालून पाणी पुसायला लागले. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं. शिऱ्याची पहिली बशी अक्कांनी त्यांना दिली, आणि जाता जाता मला म्हणाल्या, "पासवर्ड बदलू नका म्हणावं."

अप्पा गेले ते दुकानातच, कापडाच्या थानाची घडी घालता घालता. मला त्यांची फार आठवण येते, आणि येते ती नेमकी घरात सगळं सुरळीत चालू असताना. डबा महिनोन् महिने बंद होता. महेश म्हणाला, काढून टाकू. अक्कांनी काढू दिला नाही.

मग एका सोमवारी त्यांनीच मला डबा लावायला सांगितला. पडदा उजळला आणि विचारणा आली, नवं अपडेट आहे, टाकायचं का? भजन आता सगळ्यांच्या मोबाइलवर होतं, जायचं काही नव्हतं, तरी माझा अंगठा 'नाही'वर गेला.

"विचारायलंय न्हवं?" अक्का म्हणाल्या. "हो म्हण."

मी हो म्हटलं. अपडेट झालं, डबा बंद होऊन चालू झाला आणि त्यानं नवा पासवर्ड मागितला. मी विचारलं, "अक्का, जुनाच ठेवू?"

"माझं आता कशाला?" त्या म्हणाल्या. कोऱ्या मांजरपाटानं त्या डबा पुसत होत्या, पुसता पुसता हात थांबला. उखाणा नाही, आडोसा नाही. "वीरभद्रप्पा टाक."

मला चांगलं ऐकू आलं होतं.

"काय म्हणालात अक्का?" मी म्हटलं. "जरा मोठ्यानं बोला की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा, मोठ्यानं नाव घेतलं.