लाल करवंटीची वाट

माझी शेजारीण सालानिएता, आमची साला, गटारांची पाहणी करते, पण तिला काम करताना पाहिलं तर वाटेल, बाई जागेपणी स्वप्नं बघतेय. पाऊस ओसरला की प्रत्येक गल्लीच्या वरच्या टोकाला गटारात रंगवलेल्या करवंट्या सोडायच्या आणि नदीकाठी, जिथे सगळी गटारं उतरतात तिथे जाऊन बसायचं. कुठला रंग येतो, कुठला अडतो, यावरून आमच्या नांदी गावातल्या कुठल्या गल्लीत पाणी तुंबणार हे ती नगरपालिकेला कळवते. जमिनीखालून जाणारं पाणी तिला ऐकू येतं म्हणे. मी चिडवायची, "झोपा काढायचा पगार फक्त तुलाच मिळतो."

आमच्या गल्लीचा रंग लाल. लाल करवंटी काही बाहेर येत नव्हती आणि दर पावसात माझ्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी. मी तिच्या नावाने बोटं मोडायची. साऱ्या गावाची गटारं दिसतात, शेजारणीचंच तेवढं दिसत नाही?

शेवटी तिने माणसं लावून खणलं. गटाराचा नळ फुटला होता आणि आत मुळांचा गच्च गुंता. मुळं तिच्याच अंगणातल्या माडाची होती.

त्या माडाखाली तिच्या मुलाची, इलाइतियाची नाळ पुरलेली. मूल झालं की आम्ही नाळ पुरून वर माड लावतो, म्हणजे पोर कुठेही गेलं तरी परततं. सालाने तेव्हा मऊ, ओली जागा बघून लावला. ती जागा ओली कशामुळे, हा विचार बाळंतिणीच्या मनात कुठून येणार? आता इलाइतिया ऑस्ट्रेलियात फळं तोडतो. मळेवाला त्याला कायमचा राहा म्हणतोय आणि पोरगा हो-नाही काहीच बोलत नाही. सालाची सगळी भिस्त माडावर.

ती रोज झाडाखाली बसून राहू लागली. मी उकडलेला कसावा घेऊन गेले. इतकं बोलले होते, पण तिचं तोंड बघून माझंच काळीज हललं.

"राहू दे गं. मी ओटा उंच करून घेते."

ती वर झावळ्यांकडे बघत होती. "लोसा, तो लहानपणी झोपला की असाच आवाज यायचा."

"मग नको तोडूस."

"खाली पाणी थांबलंय. तेही ऐकू येतं गं."

माड तिने तोडायला लावला. करवत लागेपर्यंत तिचा हात बुंध्यावर होता.

पुढच्या पावसानंतर मीही तिच्याबरोबर नदीवर गेले. धुक्यात ऊन मिसळलं होतं. पिवळी करवंटी आली, निळी आली, डुलत डुलत गेल्या. मग लाल आली. मी पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

सालाने ती उचलून कमरेला गुंडाळलेल्या सुलूला पुसली आणि कितीतरी वेळ मांडीवर धरून बसली.

"वाट मोकळी झाली," ती म्हणाली. "आता पाणी जाईल." मग हळूच, "तोही जाईल, कायमचा."

घरी आले तर माझं स्वयंपाकघर कोरडं होतं.