बांधातले खेकडे

गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या अंगात दोनच कला होत्या. कापड विणायचा साचा चालवणं आणि बिळात हात घालून खेकडा काढणं. पहिलीला कोण विचारेना. दुसरीवर मला मुलुंडला नोकरी लागली.

कॉलनी डोंगराच्या पायथ्याशी होती. सात बिल्डिंगी, मागे तळं, आणि तळ्याच्या उताराच्या बाजूला मातीचा बांध. जुन्या मालकाने आंब्याच्या बागेसाठी घातलेला. बाग गेली, बिल्डिंगी आल्या, तळं राहिलं. पालिकेचा माणूस येऊन बघून गेला. तुमचं तळं, तुमचा बांध, तुम्हीच सांभाळा, बोलला. आणि बांध तर गळत होता, कारण खेकड्यांनी पार पोखरलेला.

सोसायटीचे चेअरमन बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी मला विचारलं, "शिक्षण?"

"सही येते. पण दर वेळी वेगळी येते."

"खेकडे काढता येतात?"

मी करंगळी दाखवली. तिचं टोक गावच्या एका खेकड्याकडे राहिलंय. साहेबांनी दुसरं सर्टिफिकेट मागितलं नाय.

नोकरीबरोबर बांधाच्या टोकाला पंपाची जुनी खोली मिळाली. आता ही खोली म्हणजे काय ते सांगतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि बायको गावीच. मी इथे बारा जणांत पाळीने झोपणारा, तिला आणून ठेवणार कुठे? खोली मिळाल्या मिळाल्या एकाकडून पत्र लिहून घेतलं. दसऱ्याला ये, दार आपलं आहे.

साहेबांची अट एकच. तळ्याला उतरायच्या पायऱ्या होत्या. "गौरी-गणपतीच्या विसर्जनाला पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली गेलं, तर चावी माझ्या हातात द्यायची."

"देतो ना साहेब," मी बोललो. पावसाळा तोंडावर होता. पाणी कुठे जातंय?

सकाळी जलपर्णी ओढायची. जादा पाणी जायच्या जाळीतनं चपला, पिशव्या काढायच्या. मग बांधावर यायचं, बीळ शोधायचं, हात घालून खेकडा काढायचा, आत चिकणमातीचा गोळा दाबायचा आणि वरून धुमसाने ठोकायचं. काम झकास चाललं होतं. खेकडे मी शिजवून खायचो.

चूक तिथे झाली. वास पहिल्या मजल्यावर गेला. तिथे आमच्याच मुलखातली एक मालवणी आजी राहायची, सगळी कॉलनी तिला आये बोलायची. ती टोप घेऊन खाली आली.

"झिला, कुर्ल्यो एकटोच खातंस?"

आयेला दिले. मग तिच्या शेजारणीला दिले. महिन्याभरात अर्धी कॉलनी टोप घेऊन बांधावर. ज्या माणसाला गिरणीत मुकादम नावाने हाक मारत नव्हता, त्याला बायका "अहो भाऊ" बोलायला लागल्या. चेअरमनसाहेब पण एकदा डबा घेऊन आले. बांधाकडे बघत बोलले, "देखभाल चांगली चाललीये. मोठे नर असतील तर बघ."

मी फुगलो. आणि श्रावण लागला.

श्रावणात कोणी खाईना. मी पण नाय. आमच्याकडे गणपती पाण्यात जाईपर्यंत तोंडाला लावत नाहीत. पण जो तो सांगून जायचा, "भाऊ, गणपती झाले की चार माझे हां." आये बोलली, "भरलेले ठेव."

आता भरलेले ठेवायचे म्हणजे त्यांना खायला पाहिजे. मार्केटातल्या कोंबडीवाल्याकडून मी रोज आतडी आणायचो आणि बिळाबिळाशी ठेवायचो. मी उपाशी, खेकडे कोंबडी खातायत. बिळं बुजवायची पण थांबवली, आतला गुदमरला तर? बांध सांभाळायला ठेवलेला माणूस मी, आणि बांध पोखरणाऱ्यांना जेवण वाढत होतो. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाय. मला वाटायचं, साला आपण लोकांचं मन राखतोय.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी पाणी बरोब्बर तिसऱ्या पायरीवर. मी खूश. तेवढ्यात पायऱ्यांच्या बाजूला पाणी गोल फिरताना दिसलं. खाली पाय घातला तर पाय आत ओढला गेला. तीन-चार बिळं मिळून एक झालेलं, घागरीच्या तोंडाएवढं. बांधाच्या पलीकडे बघतो तर ओहोळ वाहतोय.

चिकणमातीचा गोळा घातला, गेला. गोणपाट घातलं, तेही गेलं. लांबून ताशा ऐकू आला. चाळीस घरचे गणपती निघालेले.

मग मी पाण्यात उतरलो आणि भोकाला पाठ लावून बसलो. पाण्याने मला असं ओढून धरलं की हलायची सोय नाय. गळ्यापर्यंत पाणी, वर फक्त डोकं. पलीकडचा ओहोळाचा आवाज बंद झाला.

एकेक गणपती आला. आरती झाली. माझ्याकडे बघून लोक हात जोडायला लागले, त्यांना वाटलं नवस आहे. इतक्यात आतून एका खेकड्याने मला कमरेच्या खाली नांगीत धरलं. मी डोळे मिटले. एक बाई नवऱ्याला बोलली, "बघा, भक्ती असावी तर अशी."

साहेब पायरीवर आले, पाणी बघितलं. "तिसरी पायरी. शाब्बास. पण तू आत काय करतोयस?"

"गरम होतंय साहेब."

आयेने मात्र ओळखलं. "मेल्या, थंय कित्याक बसलंस? उठ."

"आये, उठलो तर खोली गेली."

तोवर निभलं होतं. पण विसर्जन झालं की पाटावर तळ्याकाठची मूठभर माती घरी न्यायची, ही रीत मी विसरलेलो. माती कुठली घेणार? जी मऊ असेल ती. मऊ कुठली? माझ्या खेकड्यांनी उकरलेली, बरोबर माझ्या मानेमागची. एक मूठ, दोन मुठी. चाळीस घरं माझ्या डोक्याच्या मागनं बांध उचलून नेत होती, आणि मी डोळे मिटलेला भक्त.

शेवटची मूठ गेली आणि मागची माती बसली. भोक रुंद झालं आणि मी, पाणी, चिखल आणि खेकडे, सगळे मिळून पलीकडच्या गवतात येऊन पडलो. माती वरून ढासळली म्हणून वाट अर्धी बुजली, नायतर तळं आमच्यासोबत आलं असतं. तरी पाणी पाचव्या पायरीला गेलं. साहेब बांधावरून खाली बघत होते. अंगभर चिखल, आणि पँटला एक मोठा नर लटकलेला.

"सकाळी चावी," ते बोलले.

सकाळी मी चावी खिशात टाकली आणि डोक्यावर घमेलं घेऊन पहिल्या मजल्यावर गेलो. आयेला बोललो, "कालची माती परत दे." खोली जाणारच होती, निदान बांध तरी राहू दे, असं वाटलं. पुढे प्रत्येक दारात तेच सांगितलं. बांध खेकड्यांनी नाय पाडला, मी त्यांना पोसलं.

काही हसले. काहींनी मूठभर माती परत दिली. आयेने तुळशीची आख्खी कुंडी घमेल्यात ओतली, तुळस तेवढी काढून ठेवली. मग बाकीच्या बायका निघाल्या. दुपारपर्यंत बांधावर कुंड्या, डालड्याचे डबे, बादल्या. मी धुमस मारत होतो, बायका माती ओतत होत्या. साहेब चावी घ्यायला आले.

आयेने त्यांना अडवलं. "कुर्ल्यो सगळ्यांनी खाल्ल्यो. तूवय खाल्लंस. आता ह्या एकट्याक कित्याक भायर काढतंस?"

साहेबांनी नव्या मातीवर पाय दाबून बघितला. शेवटी बोलले, "यापुढे एकही खेकडा या बांधातून कोणाच्या घरी जाणार नाही. गेला तर चावी." आणि जाता जाता त्यांच्या गॅलरीतल्या गुलाबाची कुंडी पाठवून दिली.

दसऱ्याला बायको आली. ट्रंक दारात ठेवली, खोली बघितली, खिडकी उघडली. समोर बांध, ऊन पडलेलं, मातीत साहेबांच्या गुलाबाचं रोप रुजलेलं. माझं काळीज सुपाएवढं झालं. सहा वर्षांनी ती माझ्या घरात उभी होती. तिने बांध नीट न्याहाळला, मग माझ्याकडे वळली.

"हयसर कुर्ल्यो गावतत काय हो?"

मी खिडकी लावून घेतली.