मधे काय दिसून राहिलं?

डिगरसे मॅडम कोणाकडेही सरळ बघत नसत. तुमच्याशी बोलताना त्यांची नजर तुमच्या कानामागच्या भिंतीवर असायची, आणि नेमकं तेव्हाच त्या तुम्हाला बघत असायच्या. पांढुर्ण्याच्या बाजारात त्यामुळे भाजीवाल्या त्यांना तिरसट समजत. एकीने तर तोंडावर म्हटलं होतं, की भाव मला विचारता आणि बघता शेजारणीच्या टोपलीकडे. मॅडमना याचं हसू यायचं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोरचं पुसट व्हायचं, कडेचं तेवढं शाबूत राहायचं. "तुझं तोंड पाहायचं असलं तर मले तुझ्या कानाकडे पाहावं लागते," असं त्या सांगायच्या.

मी सौसरच्या शाळेत मराठी शिकवते. मॅडम पांढुर्ण्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. माझी धाकटी बहीण त्यांची विद्यार्थिनी. तिच्याबरोबर एकदा सहज त्यांच्या घरी गेले आणि अशी अडकले की पुढे कित्येक वर्षं माझे शनिवार त्यांचे झाले. शनिवारची बस म्हणजे मारुतीच्या भक्तांनी गच्च भरलेली. जामसांवलीच्या फाट्यावर अर्धी बस रिकामी व्हायची, तेव्हा कुठे मला बसायला जागा मिळायची. उरलेल्यांना वाटायचं, ही बाई देवाला न जाता पुढे कुठे निघाली?

मी निघालेली असायची आकाशाकडे, तेही भर दुपारी. मॅडमचं आकाश डोळ्यांनी बघायचं नव्हतंच. मोठमोठ्या तबकड्यांची दुर्बीण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते, त्यांची चित्रं होतात, आणि चित्रात जागोजागी उजळ डाग दिसतात. तो प्रत्येक डाग कुठे आहे, केवढा आहे, कसल्या आकाराचा आहे, याची नोंद करायची. बहुतेक नोंदी संगणकच करतो. पण आकार वेडावाकडा असला की त्याचं डोकं चालत नाही, तिथे माणसाचा डोळा लागतो. अशी चित्रं एक संशोधकांचा गट घरबसल्या काम करणाऱ्यांना पाठवायचा, आणि मॅडम त्यांच्यातल्या जुन्या.

त्यांचा खास जीव जोड्यांवर. काही आकाशगंगा आपल्या दोन्ही अंगांनी दूरवर झोत फेकतात. चित्रात दोन टोकांना दोन डाग दिसतात आणि मधली आकाशगंगा रेडिओत जवळजवळ गप्प. संगणक बिचारा दोन वेगळे स्रोत मोजतो. मग साध्या प्रकाशातला फोटो खाली ठेवून मधली धनीण, म्हणजे झोत फेकणारी आकाशगंगा, शोधायची आणि दोघांची मिळून एक नोंद करायची. शेजारची मुलं चंद्र दाखवा म्हणून हट्ट करत येत, तर मॅडम त्यांना संत्री सोलून देत आणि म्हणत, "चंद्र तुमच्या गच्चीवरून पाहा रे, माझ्याकडे डागच आहेत."

डोळे गेले तसं बघायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीची, मला शब्दांची काय कमी. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, की पंख पसरून एक पाखरू झेप घेतंय. मॅडम भिंतीकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "अवं, तू गोष्ट सांगून राहिली. मी काय दिसून राहिलं ते विचारलं." मी मनातून चिडले. एवढं सुंदर वाक्य फुकट गेलं होतं. मग शिकले हळूहळू. लांबट डाग, एक टोक ठळक, दुसरं फिकट, मधे रिकामं. माझ्या वर्गातल्या पोरींना निबंधात उपमा कमी करायला सांगायला लागले, तेव्हा मुख्याध्यापिका काळजीत पडल्या.

मॅडमची एक स्वतःची जोडी होती. डोळे चांगले होते तेव्हा त्यांनीच शोधलेली. दोन डाग एकमेकांपासून फार दूर, आणि बरोबर मधे एक बारीक तांबूस आकाशगंगा. खरी निघाली असती तर ती मोठ्यातल्या मोठ्या जोड्यांमध्ये गणली गेली असती. गटाच्या प्रमुखांनी ती 'संभाव्य' म्हणून ठेवली होती; अधिक स्पष्ट चित्र येईल तेव्हा पाहू, असं कळवलं होतं. तरुणपणी मॅडम पुण्याला पीएचडी करत होत्या. वडिलांना अर्धांगवायू झाला, म्हणून सगळं टाकून पांढुर्ण्याला आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण ही जोडी आपल्या नावाने नोंदली जावी, एवढी एकच आस त्यांनी धरली होती. दर शनिवारी मी उंबरठ्यावर चप्पल काढते न काढते तोच विचारायच्या, "आलं का चित्र?"

शेवटी ते आलं. मार्चातली दुपार होती. मॅडमनी ठेवणीतली साडी नेसली होती, हे मी आत शिरताच पाहिलं. चित्र उघडलं. वरचा डाग आता नुसता डाग राहिला नव्हता. तो स्वतःच एक छोटी जोडी होता, आणि त्याच्या मधोमध त्याची स्वतःची आकाशगंगा बसली होती. खालच्या डागाखालीही वेगळीच एक आकाशगंगा. दोघांचा एकमेकांशी किंवा मधल्या तांबूस आकाशगंगेशी काही संबंध दिसत नव्हता.

"मधे काय दिसून राहिलं?" मॅडमनी विचारलं.

त्यांची नजर कॅलेंडरवर होती, म्हणजे त्या मला बघत होत्या. आयुष्यभर मी वर्गात कविता शिकवताना नसलेलं दाखवत आले आहे. मधे दोघांना जोडणारी एक फिकट रेघ आहे असं म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता? ती रेघ त्यांना दिसणार नव्हती, ते कॅलेंडरही धड दिसत नव्हतं.

"मधे काही नाही, मॅडम."

"उजेड वाढव."

वाढवला. सगळीकडे नुसत्या खरखरीचे ठिपके उमटले. मधेही उमटले. नीट माळ ओवता आली असती त्यांची.

"ठिपके आहेत," मी म्हटलं. "पण ते सगळीकडेच आहेत." आणि वरच्या डागात काय दिसतं, खालच्यात काय दिसतं, तेही सांगून टाकलं.

मॅडमनी खुर्ची संगणकाजवळ ओढली. मग म्हणाल्या, "लिही. जोडी नाही. दोन वेगळे स्रोत. मीच म्हटलं होतं जोडी, आता मीच खोडते."

मला राग आला. कोणाचा ते कळेना, पण आला. एवढी वर्षं वाट पाहिली, निदान प्रमुखांना खोडू द्या की, तुम्हालाच कशाला घाई, असं मी ताडताड बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वर्षं माझी गेली. त्यात त्या दोन डागांचा काय दोष?" मग पदर डोळ्यांना लावला. मॅडमना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मीही रडले. पण नोंद पाठवूनच आम्ही चहा केला.

पुढच्या शनिवारी जावं की नाही, या विचारात मी होते. गेले, तर संगणक सुरू होता आणि नवी चित्रं उघडून ठेवलेली होती.

मागच्या वर्षी मॅडमचं पोट दुखायला लागलं, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. भाची सेवेला होती, मायेची पोरगी. येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणायचा, आज चेहरा कसा टवटवीत आहे. भाचीही तेच म्हणायची. मॅडम मान हलवायच्या.

मी गेले तेव्हा त्यांनी भाचीला पाणी आणायला पाठवलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. म्हणजे मला नीट बघायला.

"आता तू सांग," त्या म्हणाल्या. "काय दिसून राहिलं?"

हा आवाज मी ओळखत होते. इथे पाखरू चालणार नव्हतं.

"डोळे खोल गेलेत," मी म्हटलं. "रंग पिवळा पडलाय. पाय सुजलेत. श्वास वरवर चाललाय."

"आणखी?"

"मला बघून तुम्हाला बरं वाटलंय."

त्यांनी माझा हात चाचपडून धरला. "बरोबर पाहिलं," त्या म्हणाल्या. "आता बस जराशी." भाची पाणी घेऊन आली तेव्हाही त्यांनी माझा हात सोडला नव्हता.